तिसऱ्यांदा कुणी विचारलंच नाही

अमेरिकेच्या पार उत्तरेला, आमच्या टॅमरॅक फॉल्स गावात कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धा कप दे, केलेलीच असेल तर" म्हणायचं आणि मग दोन कप रिचवायचे. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाहीतर चार वर्षं शिकागोला राहून बिघडलेला. आर्लिस स्लेटन साठीला आली तरी पहिल्या विचारण्याला कधी हो म्हणाली नव्हती. लग्नालासुद्धा नाही. ड्वेनला लागोपाठ तीन रविवार खेटे घालावे लागले होते.

आर्लिस सव्वीस वर्षं शाळेची चौदा नंबरची बस चालवत होती. उणे तीस तापमानातही तिची बस कधी पाच मिनिटं उशिरा आली नाही. गावाबाहेर रेल्वेचं क्रॉसिंग आहे. तिथून लोखंडाच्या खनिजाच्या लांबलचक मालगाड्या जातात. क्रॉसिंगवर शाळेच्या बसने थांबायचं, हीटरचा पंखा बंद करायचा, मुलांना गप्प करायचं, दार उघडायचं, दोन्हीकडे बघायचं, कान देऊन ऐकायचं, दार लावायचं आणि निघायचं, असा नियम आहे. बारा सेकंदांचं काम. आर्लिसने ते हजारो वेळा केलं असेल.

ऑक्टोबरातल्या एका धुक्याच्या सकाळीही तिने ते सगळं केलं. दार उघडलं, ऐकलं, काही नाही. बस रुळांवरून पलीकडे गेली आणि मागच्या आरशात धुक्यातून इंजिन धडधडत निघून गेलं. मधे किती सेकंद गेले ते देवालाच ठाऊक. मागच्या बाकावरचं एक पोर "भारी!" म्हणालं आणि परत वेफर्स खाऊ लागलं. कुणाला खरचटलंही नाही. आर्लिसने एकतीस मुलं शाळेत उतरवली, बस लावली आणि स्टिअरिंगवरचे हात सोडवायला तिला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी तिने क्रॉसिंगवर दार दोनदा उघडलं. पुढच्या आठवड्यात चारदा. डिसेंबरात आठ-नऊ वेळा. दार लावलं की वाटायचं, नीट ऐकलं नाही. परत उघड. मागे गाड्यांची रांग लागायची. बसमधली मुलं मोठ्याने मोजायची, "सहा! सात! आठ! मिस आर्लिस, आज दहा करा ना!" त्यांना गंमत वाटायची, आणि हिच्या अंगाला उणे वीसमध्ये घाम फुटलेला असायचा.

घरी तर सगळंच थंडावलं. चर्चच्या गायकवृंदात ती चाळीस वर्षं गात होती, ते सुटलं. गोधड्या शिवायचं सुटलं. केस धुणंसुद्धा रविवारवर ढकललं जाऊ लागलं. पहाटे जाग आली की उगाच रडू यायचं. ड्वेन पेपर मिलमधून निवृत्त झालेला, सरळ माणूस. तो रोज सकाळी विचारायचा, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "तशी बरीच." झालं. तो आपला गळ घेऊन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला जायचा.

शेवटी वार्षिक तपासणीच्या डॉक्टरने तिला चिंता आणि नैराश्य दोन्ही आहेत असं सांगून थेरपीला पाठवलं. नंबर लागायला अकरा आठवडे लागले. अकरा! अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एकच थेरपिस्ट, तीही दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसणारी. माणसाचा दात दुखला तर इथे त्याच दिवशी बघतात. मन दुखलं तर बर्फ वितळेपर्यंत थांबा म्हणतात. आणि आम्हीही असे शहाणे, की थांबतो.

थेरपिस्ट मकेना, तिशीचीही नव्हती. ॲरिझोनाच्या वाळवंटातून इथल्या थंडीत येऊन पडलेली. मनात येईल ते बोलायची आणि समोरचाही तसंच बोलतो असं धरून चालायची.

पहिल्या दोन भेटींत आर्लिसला सगळा वेळेचा अपव्यय वाटला. तिसऱ्या भेटीला मकेना आर्लिसच्याच पिकअप ट्रकमध्ये शेजारी बसून थेट क्रॉसिंगवर आली.

"काच एकदाच खाली करा," ती म्हणाली. "ऐका. वर करा. आता परत खाली करायची नाही. भीती किती आहे, शून्य ते दहा?"

"नऊ. अगं बाई, मला परत बघू दे."

"तुम्ही परत बघितलंत की भीतीला वाटतं, आपलं बरोबर होतं. म्हणून ती उद्या आणखी जोरात येते. नुसत्या बसा. आता किती?"

"नऊच. … आठ." मग बऱ्याच वेळाने, "पाच असेल."

"काय केलंत तुम्ही?"

"काहीच नाही."

"तेच करायचं असतं. ती चढते तशी आपली आपण उतरतेही."

आर्लिसला बरं वाटण्याआधी रागच आला. इतके महिने आपण दाराशी झटापट करत होतो, आणि हे कुणी सांगितलं कसं नाही? पण ती करत राहिली. रोज, एकेक वेळा कमी. गाण्याचंही मकेनाने तसंच सांगितलं. "गावंसं वाटेल तेव्हा जाईन म्हणाल तर कधीच जाणार नाही. बुधवारी सात वाजता जाऊन उभ्या राहा. वाटणं मागून येतं." दोन बुधवार आर्लिस नुसते ओठ हलवत उभी राहिली. तिसऱ्या बुधवारी आवाज फुटला. थेरपी लागू पडत होती, यात शंका नाही. म्हणून तर पुढचं आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

दर भेटीआधी नऊ प्रश्नांचा एक फॉर्म भरायचा असतो. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागली का, असे प्रश्न. कधीच नाही म्हणजे शून्य, जवळजवळ रोज म्हणजे तीन. आर्लिसने विचार केला, ही पोरगी एवढ्या लांबून आलीय, जीव तोडून शिकवतेय. तिला तीन-तीन लिहून दाखवायचे? काय वाटेल तिला! आमच्याकडे कुणाची हॉटडिश, म्हणजे ओव्हनमधला बटाटा-खिमा, खारट झाली तर "वेगळीच चव आहे हं" म्हणून वाटी चाटूनपुसून संपवतात. त्याच न्यायाने आर्लिस प्रत्येक उत्तरातून एक आकडा कापून लिहू लागली. मग दोन कापू लागली. आठव्या भेटीला नऊच्या नऊ शून्यं. प्रत्यक्षात बसचं दार अजून तीनदा उघडत होतं, आणि पहाटेचं रडणं पुरतं थांबलं नव्हतं.

मकेना फॉर्म बघून खुलली. "किती छान! ठरलेल्या भेटी आज संपल्या. गरज वाटत असेल तर अजून आठ मागून घेते. हव्यात?"

"नको, नको," आर्लिस म्हणाली. "माझ्यापेक्षा कुणाला जास्त गरज असेल."

आणि ती थांबली. पर्स जमिनीवरून उचललीसुद्धा नाही. आता ही दुसऱ्यांदा विचारेल, आपण त्रासाचं म्हणू, ती तिसऱ्यांदा विचारेल.

मकेना उठली. तिने आर्लिसला मिठी मारली, "मला तुमचा फार अभिमान वाटतो" म्हणाली आणि फाइल बंद केली.

आर्लिस पार्किंगमध्ये ट्रकात बसून राहिली. "एकदाच?" ती स्वतःशीच म्हणाली. "ही कसली रीत?"

आता रागवायचं कुणावर? मुलीवर? तिने विचारलं होतं. आर्लिसवर? तिने तर आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. मला विचाराल तर दोघींनाही धरून गदागदा हलवावं असं वाटतं.

तीन आठवड्यांत दार पाचवर गेलं. महिन्याने नऊवर. पालकांचे फोन सुरू झाले. बसगाड्यांचं बघणारा लाइल तिच्याबरोबर शाळेत होता. तो टोपी हातात फिरवत आला.

"आर्लिस, अगं, तसं काही नाही हं. पण लोक जरा बोलतायत. थोडे दिवस ऑफिसात फोन घेतेस का? म्हणजे तुला चालणार असेल तर."

"चालेल की. काही हरकत नाही. थँक्यू, लाइल."

थँक्यू! ज्याने सव्वीस वर्षांची बस हातातून काढून घेतली त्याला ती थँक्यू म्हणाली. चाव्या पुसून दिल्या. घरी येऊन तिने ओव्हन घासायला घेतला आणि जाळी अशी आपटली की ड्वेन धावत आला.

"काय झालं?"

"काही नाही."

"बरं."

तो परत गेला. गेला! आर्लिसला ती जाळी त्याच्या पाठीत घालावीशी वाटली, पण पाठ तर तिनेच फिरवायला लावली होती.

दुसऱ्या दिवशी तिने मकेनाच्या दवाखान्यात फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग संगीत वाजलं, मग एक बाई आली. नव्याने नाव घालावं लागेल, नऊ आठवडे लागतील. "तातडीचं आहे का?" बाईने विचारलं.

"नाही, नाही. तातडीचं काही नाही," आर्लिस म्हणाली आणि फोन ठेवून कपाळ भिंतीवर टेकवून उभी राहिली. त्या आठवड्यात तिने आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तोच प्रश्न आला आणि दोन्ही वेळा तिच्या तोंडून तेच उत्तर निघालं.

पुढच्या शुक्रवारी, जेवणाची वेळ होत आलेली असताना, ती ड्वेनला म्हणाली, "मला दवाखान्यात सोड." त्याने सोडलं. इंजिन चालू ठेवून तो बाहेर बसला. खिडकीतल्या बाईने प्रतीक्षा यादीसाठी तोच नऊ प्रश्नांचा फॉर्म पुढे केला. आर्लिसची पेन्सिल सवयीने शून्य, शून्य करत चालली. चौथ्या प्रश्नावर ती थांबली. तिने सगळं खोडलं, इतकं जोरात की कागद एका ठिकाणी फाटला. मग तीन. तीन. तीन. दोन. तीन. नववा प्रश्न असा असतो: मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार आले का? तिथे तिने पहिल्या दिवसापासून शून्य लिहिलं होतं. आज तिने दोन लिहिलं आणि कागद उलटा करून सरकवला.

खिडकीतल्या बाईने कागद सुलटा केला, वाचला आणि ती उठून आत गेली. मकेना घास चावतच बाहेर आली.

"पण तुमचे आकडे तर शून्य होते!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"मला? आर्लिस, तो फॉर्म माझ्यासाठी नव्हता हो! आणि अजून भेटी हव्यात का म्हणून मी विचारलं होतं."

"एकदाच विचारलंस!"

ती ओरडली. साठ वर्षांत पहिल्यांदा, तेही चारचौघांत. दाताच्या दवाखान्यात बसलेल्यांनी मासिकांतून माना वर केल्या. त्यांतली एक तिच्याच गायकवृंदातली होती. आर्लिसचे कान लाल झाले, पण ती हटली नाही.

मकेनाने तोंडातला घास गिळला. "आमच्याकडे परत विचारलं तर ती बळजबरी समजतात," ती म्हणाली. "चुकलं माझं. आत या."

दार लावून ती समोर बसली आणि तिने नजर न वळवता सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो?"

आजवर आर्लिसला हे कुणी असं विचारलं नव्हतं. आमच्यात कुणी विचारतच नाही. इथे हवेवर अर्धा तास बोलतील.

"मंगळवारी क्रॉसिंगवर चालत गेले होते," ती म्हणाली. "गाडी आली. मी मागे सरकले."

"बरं."

"पण उशिरा सरकले. मुद्दाम."

मकेना दचकली नाही, रडली नाही, उपदेशही केला नाही. आणखी काही ठरवलंय का, घरात बंदूक आहे का, रात्री एकटं वाटलं तर फोन कुणाला करणार, असं एकेक विचारत तिने आर्लिसकडूनच एका कागदावर लिहून घेतलं. सांगता सांगता आर्लिसचे खांदे खाली आले. भीती काही गेली नव्हती, पण आता खोलीत त्या भीतीकडे दोघी मिळून बघत होत्या.

"आता हे तुमच्या एकटीवर ठेवायचं नाही," मकेना म्हणाली. "ड्वेनना बोलवू?"

ड्वेन आला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसला. आर्लिसने त्याला सांगितलं, क्रॉसिंगसकट.

"रोज विचारत होतो की गं मी," तो म्हणाला.

"हो. आणि मी रोज खोटं सांगत होते."

त्याने तिचा हात धरला. इतका घट्ट, की तिला दुखलं.

"शिकारीच्या बंदुका आजच तुमच्या भावाकडे नेऊन ठेवा," मकेना त्याला म्हणाली. "आणि नऊ आठवडे वगैरे काही नाही. उद्या शनिवार आहे, पण मी येते. सकाळी नऊला."

ड्वेन गडबडीने अर्धवट उठला. "अहो, सुट्टीच्या दिवशी कशाला उगाच तुम्हाला त्रास…"

"ड्वेन, गप बस," आर्लिस म्हणाली. "उद्या नऊला. मी येते."