भावाचा ऑटिझम आणि पप्पांचा डिस्चार्ज

मंडळी, ऑपरेशननंतर आज पप्पा घरी आले. आता जरा टेकलेय, म्हणून लिहितेय.

माझा धाकटा भाऊ सचिन चाळिशीचा आहे. गेले काही महिने तो सांगतोय की त्याला ऑटिझम आहे. हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, व्हिडिओ बघून त्यानेच ठरवलंय. "एकदा तपासून घे" म्हटलं की विषय बदलतो.

पप्पांना परळच्या हॉस्पिटलमधून आणायला तो येणार होता. सकाळी त्याचा फोन आला. "ताई, मला नाही जमणार. तिथला आवाज, ते लाइट... माझं डोकंच बंद पडतं."

"मला काय तिथे मजा येते?" म्हणत मी फोन ठेवला. औषधं, व्हीलचेअर, टॅक्सी, सगळं एकटीने केलं.

घोडपदेवला घरी पोचलो तर सचिनने पप्पांचा पलंग खिडकीशी हलवला होता, पेज करून ठेवली होती. पप्पांना भरवता भरवता म्हणाला, "ताई, घरातलं सगळं माझ्याकडे दे. हे मला जमतं."

मी "बरं" म्हटलं. भांडायची ताकदच नव्हती.

त्याचं खरं की खोटं, मला कळत नाही. पण पुढच्या वेळीही हॉस्पिटलला मीच जाणार, हे कळतं.

तुमच्या घरी असं कोणी आहे का? मग तुम्ही स्वतः थकलात, हे कोणाला सांगता?