हालवारने घडवलेला दस्ता

हालवारबद्दल चांगलं ऐकायचं असेल तर गावात दुसऱ्या कुणाला तरी विचारा. शाळेत मी त्याच्याच बाकावर बसायचे, त्याच्याच रस्त्यावर जन्म काढला, आणि मला तो माणूस कधीच आवडला नाही. तरी लिहायला मीच बसले आहे, कारण बाकीचे त्याला घाबरतात.

हालवार सुतार. दारं-खिडक्यांचा कारखाना बंद पडला तेव्हापासून तो घरीच बंदुकांचे दस्ते घडवायचा. अक्रोडाचं लाकूड, खांद्याला टेकतं तिथपासून पुढे नळीखाली जातं तिथपर्यंत, सगळं एकसंध. हात सोन्याचे आणि जीभ विषारी. लग्न केलं होतं त्याने. बायको एक हिवाळा टिकली आणि बर्फ वितळून रस्ता मोकळा झाल्याबरोबर बस पकडून माहेरी गेली, ती गेलीच. त्यानंतर त्याच्या घरात फक्त कुत्रा राहिला, आणि तोसुद्धा जेवायला आमच्याकडे यायचा.

आमच्या शिकारमंडळाचा प्रमुखही हाच. सप्टेंबरात एल्कची, म्हणजे घोड्याएवढ्या थोरल्या हरणाची, शिकार सुरू होते. त्याआधी जुलैत, आमच्याकडच्या उन्हाळ्यात, प्रत्येकाने आपली बंदूक चांदमारीवर नेऊन हालवारला दाखवायची. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण त्याने मान हलवल्याशिवाय कुणाला जंगलात उभं राहायला जागा मिळत नसे. तो नळीमागचा सरकता बोल्ट काढायचा, नळीतून आभाळाकडे बघायचा आणि सुरू व्हायचा.

“ही नळी साफ करतोस की हिच्यातून लापशी ओढतोस?”

मग स्क्रू तपासायचा, वरची नेमाची दुर्बीण धरून हलवायचा, नळीच्या तोंडावरून अंगठा फिरवायचा. त्यानंतर माप. “डोळे मीट. बंदूक खांद्याला लाव. आता उघड. काय दिसतं?” दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर बंदूक त्या माणसाच्या अंगाची. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर दस्ता लांब नाहीतर आखूड. मंडळातला रोलांड अंगाने भरलेला, त्याला दरवर्षी चंद्रकोर दिसायची. “दस्त्याला हात लावणार नाही मी,” हालवार म्हणायचा, “तू पोट कापून घे.” सगळे हसायचे. रोलांडही हसायचा, दुसरं करणार काय?

शेवटी वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून शंभर मीटरवर गोळ्या झाडायच्या. नळी थंड होऊ द्यायची, पुन्हा झाडायच्या. छिद्रं किती जवळ पडतात ते बघून हालवार निकाल द्यायचा. आणि पाऊस आला की चांदमारी बंद. बंदुका पुसून गाडीत ठेवायच्या, छपराखाली कॉफी आणि दालचिनीचे बन. आमच्या बापजाद्यांपासून हे असंच चालत आलेलं.

माझा नवरा एवर्ट. दारात उभा राहिला की दार भरून जायचं एवढा उंच. त्याच्या मापाचा दस्ता हालवारने स्वतः घडवला होता, आणि नळी लाकडात अशी बसवली होती की मध्ये कागद जाणार नाही. “बघ, मध्ये केससुद्धा शिरत नाही,” असं तो ती बंदूक चारचौघांना दाखवून सांगायचा. एवर्टला त्या बंदुकीचं किती कौतुक होतं ते मी काय सांगू? रविवारी जेवण झालं की कपाटातून काढून मांडीवर घेऊन बसायचा.

मग एका वर्षी, दलदलीवर दिवसभर पाऊस असताना, एवर्टने एका मादीवर गोळी झाडली. ती डावीकडे तोंड करून उभी होती. गोळी छातीऐवजी पोटात गेली. जखमी जनावर रात्रभर जंगलात फिरलं. दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी शोधून काढलं तेव्हा त्याचे हाल बघवत नव्हते. एवर्ट तिथेच खाली बसला. संध्याकाळी मांस वाटायच्या वेळी, सगळे जमलेले असताना, हालवार म्हणाला, “पुढच्या वर्षापासून एवर्ट कॉफी सांभाळेल. किटली पळून जात नाही.”

एवर्टने ना कॉफी सांभाळली ना बंदुकीला हात लावला. सप्टेंबरात जंगलातून गोळीचा आवाज आला की तो उठून खिडकी लावून घ्यायचा. काही वर्षांनी लाकडं फोडता फोडता हृदय बंद पडून गेला. हालवारने त्याला मारलं असं मी म्हणत नाही. मनात मात्र पुष्कळदा म्हटलं आहे.

एवर्ट गेल्यावर मंडळातली त्याची जागा मी घेतली, त्याचीच बंदूक घेऊन. जमीन आमची, हक्क माझा. पहिल्याच वर्षी, पुन्हा पावसात, पुन्हा त्याच दलदलीवर, एक मोठा नर थेट माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी नीट नेम धरला. गोळी माझ्या उजवीकडे, त्याच्या खांद्याजवळून निघून गेली आणि पलीकडच्या बर्चच्या झाडाची साल उडाली. हालवार आला, साल बघितली आणि म्हणाला, “नवरा तशी बायको. निदान हिने जनावराला त्रास तरी दिला नाही.”

त्या दिवशी मी ठरवलं. एवर्टच्या हातात खोट नव्हती हे मला हालवारच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. दुसरं काही नको होतं.

पुढच्या जुलैत मी बंदूक घेऊन चांदमारीवर गेले. म्हटलं, “ही तपास. नीट तपास.”

त्याने तपासली. स्वतःच वाळूवर टेकवून तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही छिद्रं अंगठ्याखाली झाकतील अशी पडली.

“बंदुकीत काही नाही,” तो म्हणाला. “डोळे मीट. लाव खांद्याला. आता उघड.”

“कडेला काळं दिसतंय.”

“दिसणारच. दस्ता लांब पडतो तुला. दोन बोटांएवढा कापतो.”

“आणि एवर्टला? त्याला लांब होता?”

“एवर्टच्या मापाचाच केलाय मी. तुला काय माझं काम शिकवायचंय?”

“मग त्याचा नेम का चुकला?”

त्याने ओठाखालची तंबाखूची पुडी जिभेने सरकवली. “कारण एवर्ट भित्रा होता, सिगब्रिट. जनावर दिसलं की त्याचे हात कापायचे.”

मी हात उगारला होता. रोलांडने मध्ये पडून मला छपराखाली नेलं आणि हातात कॉफी दिली. तेवढ्यात सरी आल्या. जो तो आपली बंदूक पुसून गाडीत टाकायला धावला. रोलांडने माझीही नेली, लेकरासारखी कोटाखाली धरून, एक थेंब लागू न देता. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि कॉफी प्यायची विसरले. चांदमारीवर या बंदुकीला कधी पाणी लागलं नव्हतं. जंगलात ती दोनदाच चुकली, दोन्ही वेळा दिवसभराच्या पावसात, आणि दोन्ही वेळा उजवीकडे.

ऑगस्टच्या अखेरीस झड लागली. मी रेनकोट घालून माझ्या दारापुढच्या बाकावर बसले, बोल्ट काढून खिशात ठेवला आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली. दोन दिवस जेवायला आणि झोपायला तेवढी आत जायचे. रस्त्याने जाणारे माना वळवून बघत होते.

“सिगब्रिट,” रोलांड गाडी थांबवून ओरडला, “कोंब फुटले का गं तिला?”

“फुटले की तुला एक कुंडी देते. जा तू.”

मग मी हालवारला फोन केला. म्हटलं, चांदमारीवर ये, आत्ताच्या आत्ता.

“पावसात? डोकं फिरलंय का तुझं? पावसात कुणी नेम तपासतं का?”

“का, एल्क छत्री घेऊन येतात का?”

तो आला. मला शिव्या द्यायला आला असणार, पण आला. मी बंदूक त्याच्याच हातात दिली. म्हटलं, माझा खांदा नको, माझे कापणारे हात नकोत, तूच झाड. तो कुरकुरत वाळूवर पालथा झाला. गोळ्या झाडल्या आणि आम्ही दोघं चिखलातून लक्ष्यापर्यंत गेलो. छिद्रं पहिल्यासारखीच एकमेकांना चिकटून होती, पण मधोमध नव्हती. जवळजवळ वीतभर उजवीकडे होती.

“दुर्बीण हलली असेल,” तो म्हणाला.

“बघ ना मग.”

दुर्बिणीचे स्क्रू घट्ट होते. त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या. पुन्हा उजवीकडे. छपराखाली जाऊन त्याने खालचे स्क्रू काढले, नळी उचलली आणि लाकडाची खाच उजेडात धरली. डाव्या भिंतीवर लांबलचक चकचकीत घासल्याची खूण होती. तिथलं लाकूड फुगलं होतं आणि नळीला उजवीकडे ढकलत होतं. बाहेरून एवढा सुंदर तेल पाजलेला दस्ता, आत बघावं तर नुसतं कोरडं लाकूड. पाणी प्यायला मोकळं.

“आत तेल नाही लावलंस,” मी म्हणाले.

“आत कुणी बघत नाही.”

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला ते ऐकू आले असावेत. त्याने बंदुकीचे सुटे भाग फडक्यात गुंडाळले आणि माझ्याकडे न बघता गाडीकडे निघाला.

“हालवार! हे तू मंडळासमोर सांगायचं.”

“बंदूक नीट करून देतो. मग झालं ना?”

“बंदूक होईल नीट. एवर्टचं काय?”

त्याने गाडीचं दार आपटलं.

शिकारीच्या आदल्या दिवशी बंदूक माझ्या पायरीवर आणून दिली त्याने. नळीखालची खाच तासून रुंद केली होती, आतून तेल पाजलं होतं. मी पावाच्या पिशवीचा कागद फाडून नळीखालून ओढला, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ सरकला. दस्ता त्याने कापला नव्हता. दुर्बीण तेवढी थोडी मागे घेतली होती. मी डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि उघडले, तर पूर्ण गोल. एवर्टच्या लाकडाला करवत लागली नाही याचं मला बरं वाटलं, आणि ते हालवारमुळे वाटलं याचा रागही आला.

“कुणाला काही सांगितलंस?” मी विचारलं.

“उद्या पहाटे निघायचंय. उशीर करू नकोस,” एवढं बोलून तो गेला.

त्या आठवड्यात पाऊस होताच. दलदलीवर एक तरणा नर आला, मी झाडली, तो दोन पावलं चालला आणि कोसळला. हालवारने येऊन बघितलं. गोळी कुठे लागली ते बघितलं आणि “हं” म्हणाला. रोलांडने मला मिठी मारली, बाकीच्यांनी पाठ थोपटली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, एवर्टपेक्षा बायकोचा हात बरा. मी हालवारकडे बघितलं. तो सुरीला धार लावत होता, मान खाली घालून. मला वाटलं, हा मेला तरी बोलणार नाही.

शेवटच्या दिवशी मांसाची वाटणी झाली. आमच्याकडे ती अशी होते: शेडमधल्या लांब टेबलावर जेवढी माणसं तेवढे ढीग लावायचे. एक जण भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगावर हात ठेवून विचारतो, हा कुणाचा? आणि भिंतीकडे बघणारा नाव घेतो. ढीग दिसत नाही, म्हणून पक्षपात नाही. भिंतीकडे वर्षानुवर्षं हालवारच उभा राहतो. त्याच्यावर जीव कुणाचाच नाही, विश्वास मात्र सगळ्यांचा आहे.

रोलांड ढीग दाखवत होता. “हा कुणाचा?” “उल्फचा.” “हा?” “सिगब्रिटचा.” “हा?” “रोलांडचा, आणि चरबी काढून टाक त्यातली.” सगळे हसले. असे एकेक ढीग गेले. शेवटचा ढीग राहिला.

“आणि हा कुणाचा?”

“एवर्टचा.”

कुणीतरी खोकलं. रोलांडने माझ्याकडे बघितलं, मग हालवारच्या पाठीकडे. “अरे हालवार... एवर्ट वारला ना.”

“माहिती आहे मला.” तो वळला नाही. “त्याची बंदूक मी चुकीची बसवली होती. लाकूड पाण्याने फुगायचं, नळी सरकायची. त्याचा नेम बरोबर होता. ढीग त्याचा.”

शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेवटी रोलांडच म्हणाला, “मग तुझा कुठाय? सगळे संपले. तुझा राहिला.”

“माझा नाही राहिला.”

त्याने कोट घेतला, कुत्र्याला शीळ घातली आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता बाहेर पडला. मला ओरडायचं होतं. जिवंत असताना का नाही बोललास, तो खिडक्या लावून बसायचा तेव्हा कुठे होतास, हे सगळं मला त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं, पण तोंड दाखवायला तो थांबलाच नाही.

मी दोन्ही ढीग परातीत भरले. घरी आल्यावर, पाऊस आत येत असतानाही, एवर्टची खिडकी सताड उघडली आणि त्याच्या वाट्याचं मांस चुलीवर चढवलं. थोड्या वेळाने हालवारचा कुत्रा नेहमीसारखा दाराशी आला. मी त्याला हाड दिलं. त्याच्या मालकाला अजून माफ केलेलं नाही.