वर्ग वाढलेलं गाव

शहरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरून पहाटे पाचला निघायचं, स्टेशनपर्यंत चालत जायचं, होटगीला गाडी बदलायची आणि सातच्या ठोक्याला बेळकोटीच्या जकात नाक्याचं कुलूप उघडायचं, हे चनबसप्पा बिराजदारनं एकोणीस वर्षं केलं. बेळकोटी म्हणजे तालुक्याच्या टोकाचं गाव. नावाला नगरपालिका, बाकी धूळ. गावात येणाऱ्या मालावर नगरपालिकेची जकात घ्यायची आणि पावती फाडायची, एवढंच चनबसप्पाचं काम. नाक्यावरचा कारकून म्हटलं की लोक आधी त्याच्या खिशाकडे बघतात. चनबसप्पाच्या खिशात एक पेन असायचं आणि कपाळाला लावायची विभूती. गाडीवान त्याला मागून हसायचे, पण त्यानं मोजलेली गोणी पुन्हा मोज असं त्याला कुणी कधी म्हटलं नाही.

बहात्तर साली पाऊस फिरकलाच नाही. रानं भाजून निघाली, विहिरींत दगड दिसायला लागले. नगरपालिकेनं त्या आषाढातच ठराव करून गावात येणाऱ्या वैरणीची जकात माफ केली होती. तेवढं एक बरं काम म्हणून चनबसप्पा त्या ठरावाची नक्कल नाक्याच्या भिंतीला खळीनं चिकटवून बसला होता.

दिवाळीनंतर नवे मुख्याधिकारी आले. पस्तिशीचे, कडक इस्त्रीचे. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्या कारकुनांना सभागृहात बोलावलं आणि वरून आलेलं एक परिपत्रक वाचून दाखवलं. शहरांची वर्गवारी आता उत्पन्नावर व्हायची होती. ज्या गावाचं उत्पन्न मोठं, त्याचा वर्ग वरचा, आणि ज्या गावाचा वर्ग वरचा, तिथल्या अधिकाऱ्यांचा पगार वरचा.

"आपलं गाव आज क वर्गात आहे," साहेब म्हणाले. "मार्चअखेर चार लाखांची रेघ ओलांडली की ब वर्ग. मग माझा पगार वाढेल, हेडक्लार्कचा वाढेल, तुम्हा कारकुनांचाही वाढेल. साठ हजार कमी पडतायत. कुठून आणायचे ते तुम्ही सांगा."

चनबसप्पा उठला. "साहेब, औंदा दुष्काळ हाय. लोकाकडं खायाला न्हाई."

"दुष्काळात लोक गावात येतात की गावाबाहेर जातात?"

"येतात की. कामाला, वैरणीला."

"मग माल येतो. माल आला की जकात." साहेब हसले. हेडक्लार्कही हसला.

आठवड्याभरात वैरणीच्या माफीचा ठराव रद्द झाला. शिपाई येऊन भिंतीवरचा कागद नखानं खरवडून काढून गेला. अर्धा निघाला, अर्धा तसाच राहिला.

त्यानंतर चनबसप्पानं जे केलं ते त्यानं पुढं कधी लपवलं नाही. त्यानं वैरणीवर जकात घेतली. नोकरी होती, घरात बायको आणि लग्नाला आलेली मुलगी होती, आणि हुकूम लेखी होता. ज्यांच्याकडे पैसे नसतील त्यांच्याकडून कडब्याच्या पेंढ्या ठेवून घ्या, शनिवारी लिलाव करा, असंही त्या हुकुमात होतं. पहिल्या शनिवारी नाक्यामागं शंभरेक पेंढ्यांचा ढीग लागला. गावातल्याच एका व्यापाऱ्यानं तो निम्म्या भावात उचलला आणि संध्याकाळी बाजारात दुपटीनं विकला.

रज्जाक नावाचा एक गाडीवान होता. होटगी स्टेशनावरून लोकांचा माल आणायचा. जानेवारीत तो स्वतःच्या बैलांसाठी वीस पेंढ्या घेऊन आला. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"चनबसप्पा, सोडा की. हे इकायचं न्हाई. ह्यांच्याच पोटाला हाय."

"हुकूम हाय, रज्जाक."

"पैसं न्हाईत."

"मग चार पेंढ्या ठेव."

रज्जाकनं खाली उतरून स्वतःच्या हातानं चार पेंढ्या ढिगावर फेकल्या. बैलांनी मान वळवून त्या ढिगाकडे तोंड केलं, तेव्हा त्यानं कासरा ओढला. चनबसप्पानं सुवाच्य अक्षरात पावती लिहिली. त्या रात्री घरी त्याला भाकरी गेली नाही. बायकोनं, रत्नम्मानं, ताप बघायला कपाळाला हात लावला. ताप नव्हता.

दहा-बारा दिवसांनी रज्जाकचा एक बैल नाक्याच्या अलीकडेच वाटेत बसला तो उठलाच नाही. चनबसप्पानं जप्तीच्या ढिगातून पेंढी ओढून त्याच्यापुढं नेली. बैलानं ती हुंगली आणि मान टाकली. रज्जाक म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. पावती फाडायला लागंल त्याचीबी."

एवढं सगळं पिळून काढूनही मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात रेघेला वीस हजार कमीच होते. तेव्हा साहेबांनी गावातल्या चार बड्या व्यापाऱ्यांना चहाला बोलावलं. दुसऱ्या दिवशी चनबसप्पाला नाक्यावरून कचेरीत बोलावून पावतीपुस्तक पुढं केलं.

"हे चौघं पुढच्या वर्षीची जकात आगाऊ भरतायत. पावत्या लिहा."

"माल कुठला लिवू, साहेब?"

"माल नंतर येईल. आगाऊ लिहा."

चनबसप्पानं चार पावत्या लिहिल्या. एकतीस मार्चला रेघ ओलांडली. एप्रिलच्या सातव्या दिवशी त्याच चौघांना त्यांचे पैसे जसेच्या तसे परत गेले. तो परतीचा कागदही त्यालाच लिहावा लागला. रज्जाकच्या चार पेंढ्या खऱ्या होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. शेठजींचे पाच-पाच हजार खोटे होते, ते दोन-अडीच आठवडे तिजोरीत राहून घरी परतले. हे त्याच्या ध्यानात आलं तसं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

जूनमध्ये बेळकोटी ब वर्गात गेली. कचेरीत पेढे वाटले. साहेबांचा पगार एका उडीत अडीचशेनं वाढला, चनबसप्पाचा अठरा रुपयांनी. पेढा त्यानं तोंडात घातला आणि घोळवत बसला. तो खाली जाईना. मागच्या दारी जाऊन थुंकला. तिथं ईरम्मा झाडत होती. गावचे रस्ते आणि संडास झाडणाऱ्या एकतीस बाया आणि गडी होते, सगळे रोजंदारीचे, ही त्यातली एक. पेढ्यांचे रिकामे खोके कुणीतरी तिच्या पाटीत टाकले होते.

"अप्पा, गाव मोठं झालं म्हनं," ती म्हणाली. "आमची हाजरी वाढली का ओ?"

"न्हाई."

"मंग गाव कुनाचं मोठं झालं?"

चनबसप्पा तोंड धुवायला नळाकडे गेला.

श्रावणात शहरात नव्या पेठेत कापडाच्या दुकानासमोर साहेब भेटले. त्यांची दोन माणसांनी उचलावीत एवढी गाठोडी टांग्यात चढत होती. "काय बिराजदार, खरेदी?" साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "गावाचा वर्ग वाढला की माणसाचाही वाढतो. बायकोला एखादं चांगलं लुगडं घ्या." खांद्यावरचा तो हात चनबसप्पाला घरी पोचेपर्यंत जाणवत राहिला. गेल्या गेल्या त्यानं सदरा काढून रत्नम्माकडे धुवायला टाकला.

"कालच धुतलाय की," ती म्हणाली.

"परत धू." मग खाली बसून तो म्हणाला, "ते अठरा रुपये मला घ्यायचे न्हाईत."

"का? चोरी केली का तुमी?"

"केली."

त्यानं तिला सगळं सांगितलं. रत्नम्मानं सदरा पिळून दोरीवर टाकला. "मुलीच्या लग्नाला लागतील, म्हनून मी काय बोलत न्हाई," ती म्हणाली. "पर तुमी रोज ताटावरून उठताय, ते मला बघवत न्हाई. काय सांगायचं ते सांगून टाका कुनाला तरी."

हेडक्लार्कला विचारलं तर तो म्हणाला, वाढ नाकारता येत नाही. पगार तुमचा नाही, वर्गाचा आहे. पगारपत्रकात सहीला जागा एकच, पूर्ण पगाराची.

त्या हिवाळ्यात वरून हिशेब तपासायला एक अधिकारी आले. चनबसप्पा त्यांच्यापुढं उभा राहिला आणि चार पावत्या आणि चार परतीचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "हे माज्या हातचं हाय. खोटं हाय." अधिकाऱ्यांनी चष्मा काढून कागद पाहिले, तारखा टिपून घेतल्या, त्याच्याकडे जरा बऱ्या नजरेनं बघितलं. मग आतल्या खोलीत साहेबांबरोबर जेवायला गेले. बाहेर आले ते थेट जीपमध्ये बसले. जीपच्या मागं दोन करंड्या द्राक्षं होती.

पंधरा दिवसांत चनबसप्पाची बदली कोंडवाड्यावर झाली. मोकाट जनावरं कोंडायची आणि दंड घेऊन सोडायची. दुष्काळानं लोकांनीच सोडून दिलेली जनावरं ती, सोडवायला येणार कोण? सकाळी कुलूप उघडलं की एखादं तरी आडवं पडलेलं असायचं. शेणामुताच्या त्या वासाची त्याला किळस आली नाही. जेवायला बसताना हात धुतले की वास जायचा. कचेरीच्या पायरीवरून उतरला की मात्र तो हात दोनदा धुवायचा.

साहेब चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोठ्या शहरात बढतीवर गेले. डबघाईचं गाव वर आणलं, असं निरोपाच्या भाषणात नगराध्यक्ष म्हणाले. त्यानंतर वर्षभरानं पुन्हा उत्पन्न तपासलं गेलं, तेव्हा बेळकोटी कुणाच्या धक्क्याशिवाय आपोआप क वर्गात घसरली. आणि हुकूम आला, की वर्ग चुकीनं वाढल्यामुळं जादा दिलेला पगार कर्मचाऱ्यांकडून वसूल करावा. साहेब आता दुसऱ्या शहराच्या पगारावर होते, त्यांना हा हुकूम लागू नव्हता. कारकुनांना होता. चनबसप्पाच्या पगारातून महिन्याला वीस रुपये कापायला लागले. बाकीचे कारकून बोंबलले, मोर्चाची भाषा केली. चनबसप्पानं कपातीच्या रकान्यात सही केली. एवढ्या वर्षांत त्याला त्या कचेरीत मान वर करून सही करता आली ती ह्याच रकान्यात.

पण तेवढ्यानं आतली मळमळ गेली नाही. त्यानं एक काम हातात घेतलं. कोंडवाड्याच्या दारात बसून तो झाडूवाल्यांचे अर्ज लिहायला लागला. दहा दहा, बारा बारा वर्षं रोजंदारीवर असलेल्यांना कायम करा, असे अर्ज. एकतीस माणसं, एकतीस अर्ज, प्रत्येकाची कामावर लागल्याची तारीख जुन्या हजेरीपटांतून शोधून. हेडक्लार्कनं पट द्यायला नकार दिला, तेव्हा तो रोज दुपारी त्याच्या टेबलासमोर नुसता उभा राहायचा. एकवीस दिवसांनी पट मिळाले. अर्ज परत आले, पुन्हा गेले, सह्या नाहीत म्हणून परत आले, अंगठे चालत नाहीत म्हणून परत आले. सत्त्याहत्तरच्या शेवटी अकरा जण कायम झाले. वीस राहिले.

अकरांत ईरम्मा होती. पहिल्या महिन्याचा पगार घेऊन ती कोंडवाड्यावर आली. नारळ नाही, पेढा नाही. पदरात पैसे बांधलेले होते, त्या गाठीवर हात ठेवून ती उभी राहिली.

"अप्पा, हे कागद लिवायला किती दीस लागलं?"

"एक अर्ज व्हय? एक दुपार."

"तुमी हितं लई वर्सं हायसा. मंग आदी का न्हाई लिवलं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. चनबसप्पानं हुकूम नव्हता म्हणावं, तर आताही नव्हता. वेळ नव्हता म्हणावं, तर नाक्यावर दुपारी दुपारी माशा मारत बसलेलं तिनंच बघितलं होतं.

"सुचलं न्हाई, ईरम्मा," तो म्हणाला.

"आसंल," ती म्हणाली, आणि झाडू घेऊन बाजाराच्या रस्त्याला गेली.