नळीसाठी चहा

आमच्या उसाचं ठिबक जोडायला येणाऱ्या गृहस्थांची एक खोड होती. आल्या आल्या उकळता चहा मागायचे आणि तो न पिता त्यात नळीचं तोंड बुडवायचे. मऊ झालेली नळी जॉइंटवर अलगद चढायची.

"गरम पाणी मागितलं की लोक इसरतेत, ताई. चहा लगेच येतो."

त्यांचे शर्ट तेवढे बदलत गेले. आधी हिरवा, परदेशी कंपनीनं त्यांची कंपनी विकत घेतल्यावर निळा, पुढं दोन कंपन्या एक झाल्या तेव्हा नारिंगी.

यंदा उन्हाळ्यात नव्या कंपनीचे जॉइंट आमच्या जुन्या नळ्यांना बसेनात. ऊस वाळायला लागला. कंपनीनं फोनवर सांगितलं, सगळा संच बदला. मी त्याच गृहस्थांना बोलावलं. ते घरच्या चौकड्यांच्या शर्टात आले.

"कंपनी नव्यानं मांडायलेत म्हणं. त्या मांडणीत आमी न्हाई," एवढंच बोलून ते सरीत उकिडवे बसले.

मी दोन कप नेले. एक नळीसाठी. शेवटच्या सरीत पाणी पोचल्यावर त्यांनी दुसरा उचलला, घोट घेतला आणि चकित होऊन म्हणाले, "ताई, तुमच्या चहात लय साखर असती की!"

"असणारच," मी म्हणाले. "ऊस जगवला कुणी?"