कोटलिनच्या एकेचाळीस भाकऱ्या

सांगायचीच लाज वाटते, पण लपवून तरी काय करू, निम्म्या भाजे गावाला माहीत झालंय. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवलेल्या या बाईनं एका शनिवारी, जी माणसं जन्मालाच आली नाहीत त्यांच्यासाठी, दोनशे पाच भाकऱ्या थापून घेतल्या. त्याही सख्ख्या आत्याकडून.

मी राहते तळेगावात, आत्या भाज्यात. आत्या आणि संगीता धरून आणखी चौघी जणी, असा त्यांचा बचत गट. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना जेवण करून द्यायचं. हाताला चव अशी की विचारू नका. पण ऑर्डरींचा नुसता गोंधळ. कुणी वहीत लिहायचं, कुणी हातावर, कुणी नुसतंच डोक्यात ठेवायचं. एकदा शुद्ध शाकाहारी मंडळींपुढे कोंबडीचा रस्सा गेला. नेहमीचे दोन ग्रुप त्या दिवसापासून जे तुटले ते तुटलेच.

आत्या म्हणाली, "वृंदे, तू येवढी हापिसात काम करतीस, आमच्यासाठी कायतरी कर की. आनखी दोन गिऱ्हाइकं गेली तर बाया गट सोडत्याल. मी कुनाकुनाला धरून ठिवू?"

"अ‍ॅप करून देते. दोन दिवसांचं काम आहे," मी म्हटलं. तेव्हाच जीभ चावायला हवी होती.

तोवर तात्पुरतं म्हणून मी त्यांना फोनवर एक ग्रुप काढून दिला. गावातले गाडीवाले, खोल्या भाड्यानं देणारे आणि मी, असे आम्ही त्यावर ऑर्डरी टाकायचो. माझ्या ओळखीनंही पुण्याची माणसं यायची ना. नियमही मीच घालून दिला. शनिवारी सकाळी आठच्या आत जी यादी पडेल ती पक्की. यादीत फक्त नाव आणि पुढे भाकऱ्यांचा आकडा. उलट फोन करून कुणाचं डोकं खायचं नाही. ग्रुपवर अंगठ्याचं चित्र टाकायचं आणि पीठ मळायला घ्यायचं. पाच जणींच्या हातून सव्वादोनशेच्या वर भाकरी होत नाही, म्हणून उशिरा येईल त्याला सरळ 'नाही' म्हणून सांगायचं. नियम किती छान आहे हे त्यांना मी दोनदा समजावूनही सांगितलं होतं, काय बोलू आता.

आता अ‍ॅप. आमच्या ऑफिसात निखिल आणि सलोनी असे दोघं आहेत. त्यांना मी सहज, अगदी चहा पिता पिता विचारलं, "कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहू रे?"

झालं. निखिल म्हणाला, "कोटलिन. दुसरा विचारच करू नकोस." सलोनी म्हणाली, "रस्ट. एकदा लिहिलंस की आयुष्यात बिघडणार नाही." मी म्हटलं, अरे बाबांनो, पाच बायकांच्या भाकऱ्यांचा हिशोब आहे, चंद्रावर यान नाही सोडायचं. पण ऐकतंय कोण? आणि खरं सांगू का, मलाही खाज सुटली. आपण व्यवस्थित तुलना करू म्हटलं. तक्ता केला. सहा प्रोग्रॅमिंग भाषा घेतल्या. शिकायला किती सोपी, चालायला किती वेगवान, मदत किती मिळते, असे पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण.

मग टूल्स. कोड कुठल्या एडिटरमध्ये लिहायचा यावर आठवडा गेला. डेटाबेस कुठला यावर तीन आठवडे. निखिलनं एका रात्रीत स्वतःच्या लाडक्याचे गुण वाढवले, सलोनीनं ते खोडले, मी दोघांना झापलं आणि तक्त्याला कुलूप घातलं. चार महिने गेले, लोकहो. अ‍ॅपची एक ओळ लिहिलेली नाही. दर शुक्रवारी आत्याचा फोन.

"झालं का गं?"

"होत आलंय, आत्या. भाषा ठरायची तेवढी बाकी आहे."

"बरं," ती म्हणायची. बिचारी पुढे काही विचारायचीच नाही.

शेवटी माझंच डोकं फिरलं. त्या शनिवारी पहाटे उठून मी सगळ्या बेरजा केल्या आणि निकाल लावून टाकला. रकाने दिसले की निखिल भांडतो, म्हणून रकाने कापून फक्त नावं आणि गुण एवढाच फोटो घेतला. कोटलिन एकेचाळीस, पायथन अडतीस, गो छत्तीस, डार्ट चौतीस, रुबी एकोणतीस, रस्ट सत्तावीस. खाली लिहिलं, "हे फायनल. आता कुणीही काही विचारायचं नाही. आजच कामाला लागा." सात वाजून दहा मिनिटांनी तो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, फोन गप्प केला आणि पुन्हा गोधडीत शिरले.

कुठल्या ग्रुपवर गेला ते तुम्हाला कळलंच असेल. मला बाराला कळलं. तेही लगेच नाही.

उठून बघते तर आत्याचे नऊ फोन येऊन गेलेले. मी उलट लावला.

"वृंदे, समदं झालंय बघ. कोटलिनचं एकेचाळीस बांधून ठिवलं."

मला काय वाटलं असेल सांगा. छाती अभिमानानं भरून आली हो माझी. भाज्यात चुलीपुढे बसलेली माझी आत्या कोटलिनबद्दल बोलतेय.

"आत्या, तुला कोटलिन माहीत आहे?"

"आता तूच न्हाई का धाडलंस? पायथनचं बी झालंय. फकस्त रस्टचं तेवडं ऱ्हायलंय."

"रस्टला वेळ लागतोच गं. सगळे तेच म्हणतात."

"लागू दे की. उशिरा आलं तर गरम करून वाढू."

गरम करून. मी फोन कानापासून लांब धरला, बघितला, परत लावला.

"आत्या, तू काय वाढणार आहेस?"

"भाकरी, पिठलं, ठेचा. तू रश्श्याचं कायबी लिवलं न्हाईस म्हनून कोंबडी न्हाई कापली. संगीतानं इंग्रजी नावं वाचली, तवा म्हनली परदेशी पाव्हनं दिसत्यात, सहा गाड्या हायेत. म्हनून तिखट हात राखून घातलंय. कुटवर आलेत गं ते?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना, ती सरकताना मी पाहिली. विचारलं, दुसरी कुठली ऑर्डर आहे का आज? तर म्हणे नऊ वाजता पिंपरीच्या एका कंपनीची तीस माणसं विचारत होती, त्यांना 'नाही' म्हणून सांगितलं. "तुजाच नियम हाय. आठच्या फुडं न्हाई."

 खरं सांगायचं धाडस झालं नाही. "येते" म्हटलं, गाडी काढली आणि कार्ल्यापर्यंत स्वतःला शिव्या देत गेले. मळवली स्टेशनाच्या पुढे सुट्टीची गर्दी, गाड्यांची ही रांग. मी त्यांच्यामधून वाट काढत आत्याच्या दारात पोचले तर ओसरीवर सहा टोपल्या, वर धुतलेली फडकी, आणि प्रत्येकीवर कागद चिकटवलेला. कोटलिन. पायथन. रुबी. पाचही जणी नवी साडी नेसून बसलेल्या. परदेशी पाहुणे यायचे होते ना.

मी सांगितलं. उभ्यानंच, एका दमात. कुणी येणार नाही, ही माणसं नाहीत, कॉम्प्युटरच्या भाषा आहेत, माझ्याकडून चुकून आलं.

संगीता म्हणाली, "म्हंजी? सकाळपासनं आमी कुनासाठी थापल्या?"

  एकजण पदर खोचत म्हणाली, "मी न्हाई बाई आता येत हितून फुडं." आत्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी काय केलं? जे दहा वर्षांत केलं नव्हतं ते. टोपली डोक्यावर घेतली आणि मळवलीच्या रस्त्याला लागले. गाड्या हलत नव्हत्याच. एकेका काचेवर टकटक करायची. "दादा, गरम भाकरी-पिठलं घेणार का?" कुणी काच वर केली, कुणी मलाच रस्ता विचारला. एका गाडीत मात्र मुलं भुकेनं रडत होती. त्यांनी घेतलं, मागच्या गाडीनं वास घेतला, आणि मग संगीताही टोपली घेऊन आली, मागोमाग बाकीच्याही. मघाशी येणार नाही म्हणणारी तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती. तेवढ्यात निखिलचा फोन. "निकाल कुठे आहे? आम्ही वाट बघतोय." म्हटलं, भाज्यात आहे, जेवायला या. ते दोघं खरंच आले आणि रस्टच्या टोपलीपाशी बसून भांडत भांडत जेवले.

चार वाजेपर्यंत पाच टोपल्या रिकाम्या झाल्या. सातजणांनी पुढच्या शनिवारसाठी आत्याचा नंबर घेतला. बायका हसायला लागल्या तेव्हा कुठे मी टोपली खाली ठेवली.

संध्याकाळी ओसरीवर आत्यानं माझ्यापुढे ताट ठेवलं.

"अ‍ॅपचं काय मंग?"

"करते गं. कशात करू हेच ठरेना. कोटलिनला गुण जास्त आहेत, पण ते मला शिकावं लागेल."

"त्या सहांतलं तुला येतं कुठलं?"

"पायथन. दहा वर्षं त्यातच तर काम करते मी."

"त्येच्यात हुईल आमचं काम?"

"होईल की. एका दुपारचं काम आहे."

आत्यानं भाकरीवर ठेचा वाढला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मंग बाकीचे पाच जन जेवायला कशाला बोलावलेस?"