रिकाम्या काट्यावरचं वजन

आठ घरांनी मिळून धान्य आणलं की धान्य थोडं स्वस्त पडतं आणि किस्से फुकट मिळतात! आमच्या पूनम सागरमधल्या धान्य गटाचंच बघा ना. रायगडातल्या शेतकऱ्यांकडून पोत्यांनी तांदूळ-डाळ मागवायची आणि सोसायटीने दिलेल्या खोलीत रविवारी वाटून घ्यायची, एवढंच काम. पण यातले निम्मे किस्से मी घरी सांगत नाही. सांगितले की मुलं हसतात, आणि खोलीचं कुलूप उघडायला जावं लागतं मला एकटीला!

*

काशीमीऱ्याच्या एका बंद पडलेल्या गोडाऊनमधून सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक काटा आणला. सुरू केला तर रिकाम्या काट्यावर नऊ किलो! शून्याचं बटण दाबलं की शून्य, बोट काढलं की परत नऊ.

देसाईकाका बँकेतून रिटायर झालेले, संशय त्यांच्या रक्तातच. म्हणाले, "वहिनी, काही नसताना नऊ, मग तांदूळ ठेवल्यावर किती मारणार?"

झालं! वजनावरचा विश्वास उडाला की गट मोडलाच म्हणायचा.

*

काटा मेकॅनिककडे नेला. त्याच्या दुकानात बरोब्बर शून्य. खोलीत आणला की नऊ. शेवटी त्यालाच इथे बोलावलं. तो दारातूनच म्हणाला, "मॅडम, पहले ऊपर से उतारो, फिर चेक करूँगा."

"क्या उतारूँ? खाली तो है!"

तो माझ्याकडे बघत राहिला, मग काट्याकडे. व्हिजिटचे पैसेही न घेता निघून गेला. मीरा रोडला असा मेकॅनिक भेटतो, हाच खरं तर पहिला चमत्कार!

*

मग काट्याचं काम आम्ही गटातल्याच नीलिमाला दिलं. तिची चिमुरडी लेक लांबलेल्या आजारपणात गेली, तेव्हापासून ती कुणाला दार उघडत नव्हती, धड जेवत नव्हती. आता तीही हातची जाते की काय, अशी भीती वाटायची. या निमित्ताने तरी चार माणसांत येईल, एवढीच आशा होती.

आली बाई! आधीचा आकडा मनातच वजा करून वजन द्यायची. देसाईकाका घरी जाऊन पुन्हा मोजायचे, ग्रॅमचाही फरक नाही. फक्त एक, पिशवी ती कायम काट्याच्या कडेला ठेवायची.

मी म्हटलं, "अगं, मधे ठेव ना, पडेल."

"नको, मला एवढी जागा पुरते," ती म्हणाली.

मे महिना होता, तरी माझ्या अंगावर काटा आला.

*

गुळाची ढेप एका बाजूने झिजायला लागली. नाईककाकू रत्नागिरीच्या, खमक्या. त्यांनी पिंजऱ्यात सुका बोंबील लावला. बोंबील जिथल्या तिथे, गूळ मात्र कमी! काकूंनी ढेप उजेडात धरली आणि आवाज खाली आणला.

"उंदीर कुरतडतो गो. हा कोणीतरी चाटलाय."

त्या घाईघाईने ढेप झाकायला लागल्या, तर नीलिमा म्हणाली, "राहू दे ना काकू, उघडाच."

आणि नाईककाकूंनी चक्क ऐकलं!

*

जुन्या काट्याचा आकडा हळूहळू बारावर गेला. देसाईकाकांनी वैतागून तो भंगारात दिला आणि नवा कोरा काटा आणला. नीलिमा पुन्हा दार लावून बसेल, हीच मला धास्ती.

रविवारी दुपारी सगळ्यांसमोर नवा काटा सुरू केला. शून्य! काकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हालाही वाजवायला लावल्या. तेवढ्यात नीलिमा आली. दारात चपला काढल्या आणि काट्याजवळ येऊन उभी राहिली.

आकडा हलला. चार, नऊ, बारा... पंधरावर येऊन थांबला. काकांचे हात टाळी वाजवता वाजवता तसेच राहिले.

नीलिमाने वाकून आकडा वाचला. मग किती महिन्यांनी ती मोकळी हसली.

"बघा ना काकू, अंग धरलंय पोरीनं! माझ्यापाशी असताना एक घास घेत नव्हती."