मचाणावरचा पट्टा

आमचे हे झाडावरून पडून गेले.

हार्ट अटॅक नव्हता. वर्षभर सगळ्यांना हार्ट अटॅक सांगितला. आज वर्षश्राद्ध झालं. आता बास.

पोरगी म्हणते, "मम, प्लीज, हे पोस्ट नको करू."
करणार.

तेव्हा दीर पुण्याहून फोनवर म्हणाले होते, "वहिनी, दत्ता शिकारीत गेला म्हणून कुठं बोलू नका. आईच्या गळ्यात माळ आहे."
मी गप्प बसले. आता सासूबाई पण गेल्या. कुणासाठी गप्प बसू?

ह्यांची इथं परदेशात, डँडेनॉन्गला फॅक्टरीत नाईट शिफ्ट. तिथंच डॅरेन, फोर्कलिफ्ट चालवायचा. डोंगराकडे त्याची जमीन. जमिनीला लागून जंगल, आणि जंगलात सांबर. आपल्याकडचंच सांबर. गोऱ्यांनी कधीकाळी इथं आणून सोडलं, आता इथलंच झालंय.

डॅरेन म्हणाला, ऑटममध्ये चारा पेरू, थंडीत सांबरं चरायला येतील, आपण वर झाडावर बसू.
ह्यांनी लायसन काढलं, बंदूक घेतली. मला वाटलं, म्हाताऱ्या वयात खूळ.

पेरायला मी पण गेले. हे दाट पेरतात, मला माहीत होतं.

ओट्स आणि क्लोव्हर. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाचा भाऊ. ओंजळीने फोकत होते, जसं काय लग्नात अक्षता टाकतायत.
मी म्हटलं, "अहो, हात आवरा. दाट आलं की पोचट येतं."
"अगं, आपल्याला थोडंच खायचंय?"
"ज्याला खायचंय त्याला पण पोचट कशाला?"
डॅरेनला मराठी येत नाही, तरी हसला. मग त्याच्या गाडीमागे कुंपणाची जुनी जाळी बांधून बियाणावरून ओढली. बी झाकलं.

जन्मभर आम्ही पिकातून जनावरं हाकलली. इथं त्यांनाच जेवायला बोलवायचं आणि वरून गोळी घालायची. मला नाही पटलं. पण हे इतके खूश मी लग्नानंतर पहिल्यांदा बघत होते, म्हणून बोलले नाही.

मचाण कुठं बांधायचं त्यावरून दोघांचं जुंपलं.
डॅरेनने दाखवलेलं झाड ह्यांना पसंत नाही.
हे म्हणाले, "इथं वारा चुकतो, मेट. आपला वास सरळ त्यांच्या नाकात."
ह्यांनी खिशातून कोंडा काढला. घरूनच आणला होता. धान्य उफणताना वारा बघतात तसा मूठभर सोडला. कोंडा उलट्या बाजूला गेला.
डॅरेन बघत राहिला. "फेअर इनफ," म्हणाला, आणि ह्यांच्या झाडाला लोखंडी मचाण बांधलं. शिडी लावली.

मग त्याने पट्टा काढला. खांद्यावरून, मांड्यांमधून येतो, मागून झाडाला अडकवायचा. माणूस पडला तरी लोंबकळतो, मरत नाही.
"नो बेल्ट, नो हंट," डॅरेन म्हणाला.

हे मला म्हणाले, "मचाणावर कुणी बांधून घेतं का? मी काय बैल आहे?"
"बैलाला अक्कल असते. घाला."
"अगं, बांबूच्या मचाणावर ज्वारी राखत मोठा झालो मी. झोपायचो सुद्धा वर."
"तेव्हा रात्रभर फॅक्टरीत उभं राहून जात नव्हता तुम्ही!"

दर शनिवारी हेच भांडण. शिफ्ट सुटली की घरी न येता सरळ डॅरेनच्या गाडीत. मी फोन करायचे, "पट्टा?"
"घातला, घातला."

घालायचे. डॅरेनसमोर.
डॅरेन पलीकडे त्याच्या स्वतःच्या मचाणाकडे गेला की काढायचे.

त्या सकाळी बंदुकीचा आवाज नाही, काही नाही. ऊन वर आलं तसा डॅरेन चहा घेऊन हाक मारायला गेला.
हे खाली होते.
झोप लागली असणार. दुसरं काय?

पट्टा वर फांदीला अडकवलेला होता. नीट गुंडाळून. घरी आल्यावर शर्ट खुंटीला लावावा, तसा.

डॅरेन रडत म्हणाला, "सुमन, मी तपासायला पाहिजे होतं."
बायकोचं ऐकलं नाही, त्याचं ऐकणार होते?

लोक येऊन म्हणाले, देवाने बोलावलं. शांतपणे गेले. भाग्यवान.
हार्ट अटॅक म्हटलं की कुणाची चूकच नसते. मी चहा देत बसले आणि मान हलवत बसले.
देवाने बोलावलं नव्हतं हो. पट्टा घातला नव्हता.

ह्या ऑटममध्ये कुणी पेरलं नाही. मागच्या आठवड्यात डॅरेनचा फोन आला, "मचाण काढू का?"
म्हटलं, मी आल्यावर काढ.

गेले. म्हटलं, मला वर जायचंय. तो नको नको म्हणाला. माझ्यापुढे त्याचं काय चालणार? त्याने मला पट्टा घातला, झाडाला अडकवला, दोनदा ओढून बघितला.
क्लिप लावायला, घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा पण वेळ लागत नाही.

वर बसले. वाटलं होतं, तिथं बसलं की कळेल ह्यांना काय मिळत होतं.

खाली क्लोव्हर आपोआप परत आलाय, हिरवागार. सांबराची मादी आली, पिल्लाला घेऊन. खाल्लं. माझ्याकडे बघितलं पण नाही. गेली.

काही कळलं नाही मला.
खूप वेळ बसले. तरी नाही कळलं.

उतरल्यावर डॅरेनने मचाण सोडून गाडीत टाकलं. झाडाच्या सालीवर वळ राहिलाय.

मचाणावर बसा, छपरावर चढा, ट्रकच्या टपावर चढा. तुमच्या घरात पण कुणीतरी "घातला, घातला" म्हणत असेल. फोनवर विश्वास ठेवू नका.

अहो, हात जोडते तुम्हाला. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, जाणार पण नाही.
जिथं असाल तिथं नीट राहा.

सुमन